अनुपस्थित पात्र (मराठी रंगभूमी)

रंगमंचावर न येता नाटकाची सूत्रे हलवणारी व्यक्ती. ती मृत असेल, घर सोडून गेलेली असेल किंवा कधीच येणार नसेल. सॅम्युएल बेकेटने हे तंत्र टोकाला नेले. १९५३ मध्ये पॅरिसला रंगमंचावर आलेल्या नाटकात ज्याची वाट पाहिली जाते तो गोदो येतच नाही. ‘फुटफॉल्स’मध्ये (१९७६) एक बाई मोजकी पावले येरझारा घालते आणि तिच्या आईचा फक्त आवाज अंधारातून येतो.

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये (१९६७) बेणारेबाईंवर लुटुपुटीचा खटला भरतो, पण ज्यांच्यामुळे तो खरा होत जातो ते प्रा. दामले शेवटपर्यंत फिरकत नाहीत. आरोपीच्या पिंजऱ्यात एकट्या बाई. सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’मध्ये (१९७४) उलट मेलेला भाऊरावच कीर्तनाला उभा राहतो. त्याला दहन हवे ते जुन्या स्मशानात, आणि ते तर बंद झालेले.

नागपूरला स्थायिक झालेल्या महेश एलकुंचवारांची वाडा-त्रयी या विषयाचे सर्वांत समृद्ध मराठी उदाहरण म्हणावे लागेल. ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) सुरू होते तेव्हा धरणगावकर देशपांड्यांचे तात्याजी वारलेले आहेत. तरी तेरवीला गाव जेवू घालण्याचा दंडक त्यांच्याच काळचा. तो पाळायचा तर वाड्याचा भाग विकायची पाळी येते. म्हाताऱ्या दादीला मुलगा गेल्याचे भान नाही. ती त्याला हाका मारत राहते. त्या हाकेला उत्तर द्यायचे तरी कोणी? घरातले आपापल्या हिशोबात. गंजलेला ट्रॅक्टर तसाच पडून आहे.

हे नाटक तपशीलवार वास्तववादी आहे. त्रयी मात्र पुढे रिकामी होत जाते. ‘मग्न तळ्याकाठी’नंतरच्या ‘युगान्त’मध्ये दुष्काळाने रखरखलेल्या मुलखात घराण्याच्या पुढच्या पिढीतले पराग आणि अभय उरतात. बाकी घर त्यांच्या बोलण्यात. समीक्षकांना इथे बेकेट आठवतो, ते समजण्यासारखे आहे. पण गोदोची वाट पाहणाऱ्यांना पूर्वज नाहीत, आणि या दोघांच्या मागे तर अख्खे घराणे आहे. चंद्रकांत कुलकर्णी यांनी १९९४ मध्ये ‘आविष्कार’साठी तिन्ही नाटके सलग सादर केली.