दृश्यकलेची मूलतत्त्वे (प्राथमिक शाळेतील)

चित्र, शिल्प, रांगोळी, विणकाम अशा डोळ्यांनी अनुभवायच्या कला ज्या घटकांतून घडतात, ते घटक. बिंदू, रेषा, आकार, घनाकार, रंग, छटा, पोत आणि अवकाश अशी त्यांची सर्वसाधारण यादी केली जाते. काही अभ्यासक बिंदूला रेषेत आणि छटेला रंगात धरतात. ही यादी प्राथमिक वर्गात पाठ करून घेण्यात अर्थ नाही. त्या वयाचे मूल व्याख्येच्या आधी हाताने आणि नजरेने शिकते.

बिंदू आणि रेषा महाराष्ट्रातल्या मुलांना शाळेआधीच अंगणात भेटतात. ठिपक्यांच्या रांगोळीत आधी ठिपके मोजून मांडायचे, मग ते जोडायचे. ठिपके तेच ठेवून वेगळे जोडले की नक्षी बदलते. चित्रकार सय्यद हैदर रझा (१९२२–२०१६) मध्य प्रदेशातल्या प्राथमिक शाळेत शिकत होते. त्यांचे मन चंचल म्हणून गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे पाहत बसायला सांगितले. पुढे बिंदू हाच त्यांच्या चित्रांचा मुख्य विषय झाला. रेषेचा स्वभाव मुले चटकन ओळखतात: आडवी निवांत, उभी ताठ, तिरकी धावती.

आकार शिकवायला वारली चित्रांइतके चांगले साधन नाही. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचे पांढरे द्रावण आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी, एवढेच मूळ साहित्य. वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन यांतून सारे गाव उभे राहते. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे माणसाचे धड, वर छोटे वर्तुळ म्हणजे डोके. हे त्रिकोण जरा कलते केले की तोच माणूस नाचू लागतो. या कलेला जगभर नेणारे जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. घनाकारासाठी मातीचा गोळा पुरेसा आहे. तो फिरवून सगळीकडून बघता येतो, हा कागदावरच्या वर्तुळाहून त्याचा वेगळेपणा मुलांना न सांगता कळतो.

लाल, पिवळा आणि निळा हे चित्रकलेत मूळ रंग मानतात. त्यांच्या जोड्यांतून नारिंगी, हिरवा आणि जांभळा हे दुय्यम रंग मिळतात. हिरवा करताना पिवळ्यात निळा थेंबाथेंबाने घालावा. उलट केले तर निळा पिवळ्याला गिळून टाकतो आणि रंग वाया जातो. पांढऱ्यात लाल वाढवत नेला की फिकट गुलाबीपासून छटांची ओळ तयार होते. चोवीस रंगांची पेटी या शोधाच्या आड येते. तीन मूळ रंग आणि पांढरा एवढे द्यावेत.

पोत म्हणजे पृष्ठभागाचा खरखरीत, गुळगुळीत असा गुण. पिंपळाचे पान शिरांची बाजू वर करून कागदाखाली ठेवावे आणि मेणखडू आडवा धरून घासावा; एकेक शीर उमटते. माक्स एर्न्स्ट या जर्मन चित्रकाराने हेच तंत्र १९२५ पासून आपल्या चित्रांसाठी वापरले.

अवकाश म्हणजे आकारांच्या आतली आणि भोवतालची जागा. याबाबत मोठ्यांनी घाई करू नये. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी आपल्या १९४७ च्या ग्रंथात दाखवले, की साधारण सात ते नऊ वर्षांची मुले कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ ओढून सगळे तिच्यावर उभे करतात. आकाश वरच्या कडेला पट्टीसारखे येते, घराच्या भिंतीतून आतली माणसेही दिसतात. ही वाढीची पायरी आहे; तिथे चुकीची खूण करू नये.

महाराष्ट्रात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना मुले साधारणपणे सातवी-आठवीपासून बसतात. त्यांतल्या वस्तुचित्र आणि स्मरणचित्राचा सराव त्याआधीच्या वर्गांत लादू नये.