वर्तमानपत्राची वीज कुठून येते?

आज दिल्लीतल्या दोन रस्त्यांची गोष्ट सांगतो. एक टिळक मार्ग, जिथे सर्वोच्च न्यायालय आहे. दुसरा बहादूरशाह जफर मार्ग, जिथे एका रांगेत वर्तमानपत्रांच्या इमारती उभ्या आहेत. न्यायालयाच्या फाटकातून निघून टिळक पुलाखालून आयटीओच्या चौकात या, की पुढे जफर मार्ग लागतो. मी हे अंतर पायी चाललो आहे, अर्धा तासही लागत नाही.

वर्तमानपत्राचे स्वातंत्र्य म्हटले की आपल्याला निर्भीड अग्रलेख आठवतो. या दोन रस्त्यांवर मला वेगळेच दिसते. अग्रलेखावर घाव घालायची वेळ बहुधा शेवटी येते. आधी कागद, किंमत, जाहिरात, कर आणि वीज यांना हात लागतो.

पहिली गोष्ट आपल्या पुण्याची आहे. ना. भि. परुळेकरांनी 1932 साली ‘सकाळ’ सुरू केला. 1956 मध्ये केंद्र सरकारने एक कायदा केला आणि 1960 मध्ये त्याखाली हुकूम काढला. किती पाने द्यायची त्यावर वर्तमानपत्राची कमीत कमी किंमत ठरणार, पुरवण्या काढायच्या तर सरकारची परवानगी लागणार. तेव्हा ‘सकाळ’चा रोजचा खप सुमारे 52 हजार होता. आठवड्यातले पाच दिवस सहा पाने, एक दिवस चार पाने, आणि अंकाची किंमत सात नवे पैसे. नव्या हुकुमाने दोनच वाटा उरल्या. किंमत वाढवायची, नाहीतर पाने कमी करायची. किंमत वाढली की खप घटतो, पाने घटली की बातम्या आणि जाहिराती दोन्ही घटतात.

सरकारची बाजू ऐकली तर ती वाईट वाटत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. मोठी भांडवलदार पत्रे स्वस्तात जास्त पाने देऊन छोट्यांना मारतात, म्हणून हा कायदा, असे सरकारचे म्हणणे होते. पहिल्या प्रेस कमिशनची शिफारसही तशीच होती. म्हणजे छोट्यांच्या रक्षणासाठी केलेल्या कायद्याविरुद्ध एक प्रादेशिक पत्रच दिल्लीला भांडायला आले होते.

25 सप्टेंबर 1961 रोजी निकाल लागला. घटनापीठाच्या वतीने तो न्यायमूर्ती मुधोळकरांनी लिहिला. किती मजकूर छापायचा आणि तो किती वाचकांपर्यंत न्यायचा, हाही अभिव्यक्ती स्वातंत्र्याचाच भाग आहे, असे न्यायालयाने ठरवले. मोठ्या-छोट्यांची स्पर्धा सरळ करायची म्हणून हे स्वातंत्र्य कापता येणार नाही. कायदा आणि हुकूम दोन्ही रद्द झाले. परुळेकर जिंकले. पण मोठी पत्रे छोट्यांना गिळतात, हा मूळ प्रश्न मात्र सुटला नाही. तो आजही तसाच आहे.

आता पूल ओलांडून जफर मार्गावर येऊ. 25 जून 1975 ची रात्र. आणीबाणीच्या घोषणेवर राष्ट्रपतींची सही होत होती आणि इकडे छापखान्यांची वीज तोडायचा तोंडी हुकूम सुटला होता. उद्याचा अंक छपाईच्या यंत्रावर असताना या रस्त्यावरचे दिवे गेले. इंडियन एक्स्प्रेस, टाइम्स ऑफ इंडिया, सगळीकडे अंधार. सेन्सॉरची माणसे अजून नेमायची होती, तोवर वीज बंद ठेवणे सोपे होते.

गंमत पुढेच आहे. 26 जूनला स्टेट्समन आणि हिंदुस्तान टाइम्स बाजारात आले! त्यांच्या मालकांचे धैर्य त्या रात्री जास्त होते, असे काही नाही. त्यांच्या इमारती कॅनॉट प्लेसच्या बाजूला होत्या आणि तिथली वीज नवी दिल्ली नगरपालिकेची होती. जफर मार्गाची वीज दुसऱ्या यंत्रणेकडून येत होती आणि हुकूम तिथेच बजावला गेला. कोणते पत्र छापले जाईल, हे त्या रात्री विजेच्या तारेने ठरवले. 1977 नंतर शहा आयोगाची चौकशी पतियाळा हाऊसमध्ये झाली, त्यात हे सारे उघड झाले.

पुढचे एकोणीस महिने याच पद्धतीने गेले. एक्स्प्रेसने अग्रलेखाची जागा कोरी सोडली, तर कोऱ्या जागेलाही मनाई आली. सरकारी जाहिराती थांबल्या. संचालक मंडळावर सरकारच्या पसंतीची माणसे आली. 1976 मध्ये महापालिकेने कराची थकबाकी पुढे करून छापखान्यावर कारवाई केली, आणि रामनाथ गोएंकांना न्यायालयात धावावे लागले. गोएंकांपाशी निदान इमारती होत्या, वकील होते. रोमेश आणि राज थापर यांचे ‘सेमिनार’ हे छोटे मासिक होते. अंक आधी सेन्सॉरला दाखवा, असा आदेश आल्यावर त्यांनी मासिकच बंद ठेवले.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे समजू नका. देश छोटा असला तर दोरी आणखी आखूड असते, कारण कागद बाहेरून येतो आणि जाहिरात देणारे मोजकेच असतात. निकाराग्वात ‘ला प्रेन्सा’ या जुन्या दैनिकाचा कागद आणि शाई 2018 पासून दीड वर्षाच्या आसपास सीमाशुल्क खात्याने अडवून ठेवली. 2021 मध्ये कागदाअभावी त्याची छापील आवृत्ती थांबली. कंबोडियात ‘द कंबोडिया डेली’ला 63 लाख डॉलरची करनोटीस आली आणि सप्टेंबर 2017 मध्ये ते बंद पडले. दोन्ही ठिकाणी बंदीचा हुकूम काढावा लागला नाही.

म्हणून कुणी मला विचारले, की अमुक पत्र स्वतंत्र आहे का, तर मी त्याचा अग्रलेख नंतर वाचतो. आधी विचारतो, याचा खर्च कोण भागवतो? अंकाच्या किमतीत कागदाचा तरी खर्च निघतो का? सरकारी जाहिरात उद्या थांबली तर हे किती महिने टिकेल? आणि मग प्रश्न आपल्यावरच येतो. बातमी आपल्याला फुकट हवी असते. वाचक जो पैसा देत नाही, तो दुसरा कुणीतरी देतो. ज्याच्या हाती पैसा, त्याच्याच हाती विजेचे बटण.

परुळेकर दिल्लीला आले, ते सात नव्या पैशांना अंक घेणारे 52 हजार वाचक पाठीशी होते म्हणून. तुमच्या गावातले, तुमच्या भाषेतले एखादे छोटे नियतकालिक तुम्हाला मोलाचे वाटत असेल, तर त्याची वर्गणी या महिन्यात भरा.