चुकीचे, पण अस्सल नाणे कसे ओळखावे?

सदोष नाणे नाणेसंग्राहकांच्या दृष्टीने मोलाचे ठरू शकते. अट एकच : तो दोष टांकसाळीतच निर्माण झालेला असावा. ते ओळखण्यासाठी नाणे कसे घडते, हे ठाऊक असावे लागते. धातूच्या पट्टीतून गोल चकत्या कापल्या जातात. चकती दोन ठशांमध्ये दाबली की दोन्ही बाजू एकाच वेळी उमटतात. भोवतालची कडी चकतीला पसरू देत नाही.

पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर आधीच्या छिद्रामुळे नव्या चकतीचा चंद्रकोरीएवढा भाग कमी होतो. अशा नाण्याची नेमकी समोरची कड बहुधा पुसट असते; कानशीने घासलेल्या नाण्यात ही खूण सापडत नाही. चकती ठशांच्या मध्यभागी बसली नाही, तर चित्र एका बाजूला सरकते व उरलेला भाग कोरा राहतो.

छापलेले नाणे ठशाला चिकटून राहिले, तर पुढच्या चकतीच्या एका बाजूवर नेहमीचे चित्र आणि दुसऱ्या बाजूवर त्याचेच उलटे, खोलगट प्रतिबिंब उमटते. भारतीय संग्राहक त्याला ‘लाखी’ म्हणतात. दोन नाणी शेगड्यात आवळून केलेल्या बनावट ‘लाखी’त मूळ चित्राचे अवशेष त्या प्रतिबिंबाखाली दिसतात आणि मागची बाजू चेपलेली असते. ठशाला तडा गेला असेल, तर नाण्यावर उंचावलेली रेघ येते. नंतर पडलेला ओरखडा मात्र खोल असतो.

भारतीय नाणे वर-खाली चिमटीत धरून फिरविले, की मागची बाजू सुलट दिसते. ती तिरपी दिसल्यास ठसा फिरलेला असतो.

प्रत्येक फरक म्हणजे चूक नव्हे. सालाखालचा हिऱ्याच्या आकाराचा ठिपका मुंबईचा, तारा हैदराबादचा, गोल ठिपका नोएडाचा. कोलकात्याच्या नाण्यांवर सहसा चिन्ह नसते. पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयावरील हत्ती डुकरासारखा दिसतो, अशी तक्रार झाल्याने १९१२ मध्ये चित्र सुधारण्यात आले. हा झाला ‘प्रकार’. येथे बदल ठशातच असल्याने त्या ठशाची सर्व नाणी सारखी असतात.

वजन आणि लोहचुंबकही उपयोगी पडतात. १९९२ ते २०१० या काळातील पोलादी रुपया ४.८५ ग्रॅमचा असून तो चुंबकाला चिकटतो. तो न चिकटल्यास चकती दुसऱ्याच धातूची असण्याची शक्यता तपासावी.

दुर्मीळ नाण्यांच्या नावाखाली फसवणूकही होते. रिझर्व्ह बँक अशा व्यवहारात भाग घेत नाही व त्यासाठी शुल्कही आकारत नाही, असे तिने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणूनच दोष नेमका कोणत्या टप्प्यावर झाला, हे विक्रेत्याला सांगता येत नसेल, तर खरेदीची घाई टाळणेच श्रेयस्कर.