१७. फुजीची छत्तीस चित्रे

जपानी चित्रकार कात्सुशिका होकुसाई (१७६०–१८४९) याची लाकडी ठशांनी छापलेली मालिका, सुमारे १८३०–३२. नाव छत्तिसाचे, पण खप पाहून दहा चित्रे वाढवली गेली, एकूण ४६. लेखकाच्या मनातला ‘लाटेखालचा डोंगर’ म्हणजे याच मालिकेतले कानागावाची लाट हे चित्र. त्यात ३,७७६ मीटरचा फुजी बोटभर दिसतो. होकुसाई रेखाटन तेवढे करी. ते चेरीच्या फळीवर उलटे चिकटवून कोरणारा वेगळा, कागद घासून छापणारा वेगळा. कोरताना रेखाटन नष्ट होई, म्हणून येथे ‘मूळ चित्र’ हा शब्द जपूनच घ्यावा.

पुढच्या परिच्छेदात लेखक मोरजी (पेडणे) येथील मोरजाई देवळातल्या कावीची आठवण काढतात. तंत्र निराळे आहे. कावीत चुन्याच्या गिलाव्यावरचा ओला तांबडा थर खरवडतात आणि खालचा पांढरा चुना उघडा पडतो. ते भिंतीवरचे एकमेव चित्र, त्याच्या प्रती निघत नाहीत. तुलना अगदीच गैर मात्र नाही: दोन्हीकडे हत्याराने काढलेला भाग रंगाविना राहतो.