कूड आणि कुडी



निसर्गातून उगवलेल्या घराची कल्पना आपण बहुधा पाश्चात्त्यांच्या नावे जमा करतो. फ्रँक लॉइड राइट यांनी १९३९ मध्ये लंडनच्या व्याख्यानांतून सेंद्रिय वास्तुकलेचा पुरस्कार केला, हे खरेच. परंतु आपल्या सिल्वासाभोवतीच्या वारली-कोकणा पाड्यांवर हे तत्त्व कोणी मांडले नव्हते. लोक ते जगत होते.

या घराची भिंत म्हणजे कूड. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि मग वाळते. तिच्या सरळ काठ्या बांबूच्या आडव्या कामट्यांना बांधायच्या आणि त्यांवर शेणमाती लिंपायची. छपराचा भार लाकडी खांब पेलतात. म्हणून भिंत हलकी राहते, तिच्या फटींतून वारा खेळतो. पावसाने झोडपलेली बाजू पुन्हा लिंपता येते. लग्नप्रसंगी सुवासिनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने पालघाट देवीचा चौक ‘लिहितात’. ज्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, त्या जिव्या सोमा म्हशे यांच्या चित्रांचे मूळ या भिंतींतच आहे.

तरुण वयात मी एका लेखात या घरांना ‘झोपड्या’ म्हटले होते. माझ्या वर्गातील एक वारली विद्यार्थी तास संपल्यावर म्हणाला, “सर, आम्ही त्याला घर म्हणतो.” प्रबंधासाठी शब्दांची कुळे शोधणाऱ्या मला त्या एका शब्दाने निरुत्तर केले. संस्कृतातील ‘कुड्य’ म्हणजे भिंत. तीच आपली कूड. ‘कुटी’ म्हणजे लहान घर. तिचीच मराठी कुडी म्हणजे देह. भाषेला घर आणि देह यांचे नाते ठाऊक होते, मला नव्हते.

२ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. १९६१ मध्ये हा प्रदेश भारतात विलीन झाला. पुढे दमणगंगेवर मधुबन धरण झाले, गावे उठली. करसवलतींमुळे कारखाने आले. सिमेंटची घरे आली, आणि ती लोकांनी आपखुशीने स्वीकारली. दरवर्षी लिंपण्याचे कष्ट बाईच्याच वाट्याला येत; तेव्हा पक्क्या घराची तिची इच्छा आपण कोणत्या तोंडाने नाकारावी? खंत आहे ती निराळी. कारवी कधी तोडावी, माती कोणती घ्यावी, हे ज्ञान कोणत्याच पाठ्यपुस्तकात शिरले नाही.

या शाळेतील मुलांनी आपल्या आज्यांना ते विचारून वहीत उतरवावे. स्मृतिव्याख्यानाचे याहून उचित स्मारक मला सुचत नाही.