बिनमुदतीची ठेव

दगडात कोरलेलं शहर म्हटलं की हल्ली जो तो जॉर्डनमधल्या पेट्राचं नाव घेतो. वाळवंटातल्या डोंगरात नबातियन लोकांनी कोरलेली ही राजधानी. तिथल्या सर्वांत देखण्या वास्तूला ‘खजिना’ म्हणतात. तिच्या माथ्यावर एक दगडी कलश आहे. त्यात सोनं दडवलंय अशा समजुतीनं तिथल्या बदूंनी त्यावर बंदुका झाडल्या. गोळ्यांच्या खुणा अजून दिसतात. कलश निघाला भरीव, आणि खजिना म्हणजे मुळात थडगं! बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला याचं नवल वाटत नाही. दर्शनी भाग भव्य आणि आत शिल्लक शून्य, अशी खाती आम्ही पुष्कळ पाहिली आहेत.

पेट्राचं भाडं कारकुनाच्या खिशात बसत नाही. भिवंडी ते नाशिक मात्र बसतं. आग्रा रोडला एस.टी. धरायची, कसारा घाट चढायचा, आणि नाशिकच्या अलीकडे त्रिरश्मी डोंगराशी उतरायचं. वर २४ लेणी आहेत. भिक्षूंच्या खोल्या, झोपायला दगडी ओटे, पावसाचं पाणी साठवायला टाकी. डोंगराच्या पोटात वसवलेली वस्तीच ती. नाव पांडवलेणी, पांडवांचा संबंध काडीइतकाही नाही. पण एखादं काम कुणी केलं याची आठवण पुसली, की आपल्याकडे ते पांडवांच्या नावावर टाकतात. बँकेत धनी न सापडणारी रक्कम आम्ही ‘सस्पेन्स’ खात्यात टाकतो, तसंच हे.

वास्तविक इथे धनी भिंतीवरच हजर आहेत. दहाव्या लेण्यात क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई, दिनिकाचा मुलगा उषवदात, याचे लेख आहेत. सुमारे १९०० वर्षांपूर्वीचे. सासऱ्याच्या राज्यात राहून घेण्याऐवजी देत सुटलेला जावई आपल्या मराठी मुलखात दुसरा दाखवा! त्याची बायको दक्षमित्रा, तिनंही इथे एक खोली दान दिली, आणि तीही स्वतःच्या नावानं.

त्यातला वर्ष ४२, वैशाख महिन्याचा उल्लेख असलेला लेख म्हणजे सरळ ठेवपावती आहे. उषवदातानं हे लेणं भिक्षुसंघाला दिलं आणि वर ३००० कार्षापणांची ‘अक्षयनीवी’ ठेवली. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज खायचं. २००० कार्षापण एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजानं. १००० दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण. म्हणजे वर्षाला बारा टक्के आणि नऊ टक्के. पहिल्या ठेवीच्या व्याजातून पावसाळ्यात इथे राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. दुसऱ्याच्या व्याजातून इतर खर्च. आता दोन हजारांचं बारा टक्क्यांनी व्याज २४०. आणि वीस गुणिले बारा, २४०. ताळा तंतोतंत जमला, तेव्हा लेण्यातल्या अंधारात मला घरी आल्यासारखं वाटलं. हे सगळं निगमसभेत वाचून दाखवलं आणि फलकावर नोंदवलं, असंही खाली लिहिलंय. शिक्का तेवढा राहिला.

पण या श्रेणी कुणाच्या होत्या? गोवर्धन गावच्या कोष्ट्यांच्या! हे गोवर्धन नाशिकजवळ आजही आहे.

आमच्या भिवंडीत राहणाऱ्याला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. इथे मागांचा खडखडाट नसेल तर तान्ही पोरं दचकून जागी होतात. मागवाला कर्जाला आला की आम्ही त्याच्याकडे जामीन मागतो, तारण मागतो, तीन वर्षांचे हिशेब मागतो, आणि सगळं आणलं की फोटो नवीन मागतो. आणि इथे राज्यकर्त्याचा जावई आपली रोकड घेऊन विणकरांच्या दारी गेलेला. लेखात जामिनाचं नाव नाही. यात भोळेपणा मुळीच नव्हता. एकटा माणूस मरतो, बुडतो, गाव सोडतो; श्रेणी टिकते. पैसा सुतात घालायचा, सुताचं कापड करायचं, विकायचं आणि व्याज द्यायचं. कापड लागत नाही असा काळ येत नाही, दिगंबरांचा अपवाद सोडला तर.

मालक मात्र बदलले. गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाचा पाडाव केला. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला छाप मारलेला. नाणं तेच, सही नव्या साहेबांची. पण शेजारच्या तिसऱ्या लेण्यात याच विजेत्याचा हुकूम वाचा : पूर्वी उषवदाताकडे असलेलं २०० निवर्तनं शेत त्रिरश्मीवरच्या भिक्षूंना द्यावं. शत्रूचं घराणं उखडलं, तरी डोंगरावरच्या लोकांची सोय मोडली नाही. व्यवस्थापन बदललं की आधी जुन्या योजना बंद करायच्या, हा शोध नंतरचा असावा.

आज ती श्रेणी नाही, भिक्षू नाहीत, कार्षापणही वस्तुसंग्रहालयात. आमच्याकडे दहा वर्षं हालचाल नसलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. ही नोंद मात्र १९०० वर्षं भिंतीवर आहे, कुणी खोडली नाही.

सोमवारी काउंटरवर आलेल्या एका मागवाल्याला मी हे सगळं रंगवून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं, कर्जाच्या कागदांवर आणखी एक सही केली आणि म्हणाला, ‘‘साहेब, व्याजाचा दर काही फार बदललेला दिसत नाही. फक्त तेव्हा तुमची माणसं आमच्याकडे यायची.’’