आपोआप लागणारे हेडलाइट आणि ते विझवण्याच्या खटपटी

हेडलाइट आपोआप लागण्याची सोय प्रथम आली ती चैन म्हणून. जनरल मोटर्सने 1960च्या दशकात कॅडिलॅकमध्ये ‘ट्वायलाइट सेंटिनेल’ दिले. अंधार पडल्याचे प्रकाशसंवेदक ओळखे आणि दिवे लागत. दिवसाही दिवे लावण्याची सक्ती उत्तर युरोपातली. तिथल्या हिवाळ्यात सूर्य क्षितिजालगतच रेंगाळतो, त्यामुळे 1977 साली स्वीडनने तसा नियम केला. कॅनडात तो डिसेंबर 1989पासून नव्या वाहनांना लागू झाला.

अमेरिकेत सक्ती कधीच झाली नाही. तरीही जनरल मोटर्सने 1995च्या मॉडेलांपासून हे दिवे स्वतःहून बसवायला घेतले, आणि अनेक गाड्यांत ते बंद करायला साधे बटणही ठेवले नाही. तक्रारी आल्या त्या इथूनच. उघड्यावरच्या चित्रपटगृहात, शिकारीच्या रानात किंवा शेजाऱ्याच्या खिडकीसमोर दिवा नको असतो. मग पिकअप ट्रकवाल्यांनी वाटा शोधल्या: इंजिन सुरू करण्याआधी हँडब्रेक ओढणे, रिले उपसून काढणे. या शतकाच्या आरंभीच्या शेव्हरोले सिल्व्हराडोत छताच्या दिव्याचे बटण लागोपाठ चार वेळा दाबावे लागे. गाडी पुन्हा सुरू केली की दिवे पुन्हा हजर. साध्या बटणाच्या जागी असला मंत्र देणे ही रचनेतली चूकच म्हणायची.

भारतात 1 एप्रिल 2017पासून नव्या दुचाकींचे हेडलाइट इंजिनाबरोबरच लागतात. बंद करण्याचे बटण त्यांना नसते.